लाँग शाफ्ट राहू दे

माझा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनीअर होता. वर्षातले आठ-नऊ महिने तो जहाजाच्या पोटात, तेलाच्या वासात काढायचा आणि उरलेले बेलापूरच्या आमच्या दोन खोल्यांत. ऐंशीच्या दशकाची ती पहिलीच वर्षं. बेलापूरला सरकारी कचेऱ्या येऊन पडल्या होत्या, त्यातल्याच एकीत मी कारकून होते. रस्ते आखलेले होते, पण दिवे लागले नव्हते, आणि संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की सगळं गाव बसमध्ये बसून निघून जायचं.

अशाच एका सुट्टीत, सकाळचा चहा पिता पिता, तो म्हणाला, "आपण एक बोट घेतली आहे."

"घ्यायची का?" असं नाही. घेतली आहे.

कोणा परदेशी माणसाने मुंबईत सोडून दिलेली ती शिडाची छोटी बोट होती. झोपायला दोन बाकं असलेली ठेंगणी केबिन, एक डोलकाठी, आणि रंग उडालेला. दिवाळे गावासमोर खाडीच्या मधोमध नांगरून ठेवली होती. मी विचारलं, "तुम्ही वर्षभर पाण्यावरच असता. घरी आल्यावर पुन्हा पाणीच?"

"तिथे मला पाणी दिसतच नाही," तो म्हणाला. "इंजिनरूमला खिडकी कुठे असते?"

मी मराठवाड्यातली. गावच्या बौद्धवाड्यातून शिकून नोकरीला लागलेली पहिली मुलगी. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी, वाकून बघायची गोष्ट. नवरा कोकणातला, खाडीकाठच्या खेड्यातला. त्याची कल्पना अशी की सुट्टीत किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला जायचं, संध्याकाळ झाली की एखाद्या गावासमोर नांगर टाकायचा, आणि असं करत करत त्याच्या गावापर्यंत पोचायचं.

"पण तिथे धक्का कुठे आहे? बोटीवरून उतरायचं कसं?" मला पोहता येत नव्हतं, त्यामुळे मला हाच प्रश्न पडणार होता.

"त्यासाठी डिंगी लागते," तो म्हणाला.

तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. डिंगी म्हणजे रबराची छोटी होडी. हवा भरली की होडी, हवा काढली की गुंडाळून केबिनमध्ये ठेवायची वळकटी. तिच्या मागे आउटबोर्ड म्हणून एक छोटं इंजिन लटकवायचं. मी म्हटलं, "इंजिनाला कंटाळून शिडाची बोट घेतलीत ना? मग पुन्हा इंजिन?" तो हसला. आणि उत्तर द्यायच्या आत कंपनीची तार आली. जहाज कुठल्याशा बंदरात उभं होतं, याला तातडीने बोलावलं होतं. बॅग भरून दारात उभा राहून तो म्हणाला, "डिंगी आणि आउटबोर्ड तेवढं बघून ठेव. चाचा मदत करतील."

बघून ठेव म्हणजे नुसतं बघायचं की घेऊन ठेवायचं, हे विचारेपर्यंत रिक्षा वळली होती.

चाचा आमच्या खाली तळमजल्यावर राहायचे. उरणकडचे कोकणी मुसलमान. तरुणपणी भाऊच्या धक्क्यावरून प्रवासी लाँच चालवायचे, आता मुलाचं वाशीला हार्डवेअरचं दुकान होतं आणि चाचा दिवसभर घरी कंटाळायचे. मी डिंगीचं नाव काढताच त्यांनी चष्मा पुसला. "बेटी, काही टेन्शन घेऊ नकोस. मोठी घे आणि दणकट इंजिन घे. ओहोटीची ओढ काय असते तुला माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. म्हणून मी आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या दिवाळ्याच्या कोळणीला विचारलं. आमच्या बोटीवर तिचाच नवरा लक्ष ठेवायचा. ती टोपली उतरवून जिन्यातच बसली आणि मनापासून हसली.

"रबराची? गो बाय, दगडावर कालवं बसलेली असतान, सुरीसारखी. एकदा घासली का फाटली. लाकडाची होरी घे. आमची जुनी हाय, देतंव तुला."

हे मला पटलं. पण चाचा म्हणाले, लाकडी होडी शिडाच्या बोटीवर उचलून ठेवता येत नाही. मागे बांधून ओढत नेली की लाटेबरोबर येऊन बोटीलाच धडका देईल. हेही पटलं. त्या दिवसांत माझी अशी गत झाली होती की शेवटी बोलेल त्याचं मला पटायचं.

चाचा आणि मी एका शनिवारी बसने खाडीपूल ओलांडून दारूखान्याला गेलो. हे नाव मुंबईतल्या गोदीजवळच्या एका वस्तीचं; तिथे मोडीत काढलेल्या जहाजांचं सामान विकायला असतं. कप, बशा, दारं, आरसे, गाद्या, घंटा. ज्या जहाजांत माझा नवरा राहतो तसल्याच जहाजांच्या पोटातलं हे सगळं, रस्त्यावर पसरलेलं. मला ते बघवेना, पण बघायलाच आले होते.

दुकानदाराने आधी एक प्रचंड गोल वस्तू उलगडली. नारिंगी रबर, आणि वर चक्क तंबू.

"बारा आदमी आरामात," तो म्हणाला.

चाचांना तंबू आवडला. "ऊन लागणार नाही, बेटी."

मी चारी बाजूंनी फिरून बघितलं. "याला इंजिन कुठे लावायचं?"

"इंजिन कशाला, मॅडम? यात बसून राहायचं. कोणीतरी घ्यायला येतंच."

जहाज बुडालं की ज्यात उड्या मारतात तो तराफा होता तो. हे कळल्यावर मी दोन पावलं मागे सरले. नवऱ्याने कधी असल्या तराफ्याचं नावही काढलं नव्हतं. त्याच्या जहाजावर असे किती असतील, आणि बारा माणसांत तो कितवा असेल, असलं काहीतरी मनात यायला लागलं. चाचा मात्र तंबूची चेन उघडझाप करून बघत होते.

मग दुकानदाराने खऱ्या डिंग्या काढल्या. एक केशरी, तळाला जाड फळ्या, दाराएवढी जड. एक करडी, तळाच्या पट्ट्या चटईसारख्या गुंडाळता येणाऱ्या. एक छोटी निळी, खेळण्यासारखी. तिन्हींना मागे फळी होती, इंजिन त्या फळीला अडकवायचं. तिन्ही दाखवताना तो एकच वाक्य बोलला, "हीच घ्या." तिन्हींचे गुण ऐकून झाल्यावर मला पहिलीचे गुण आठवेनात. शेवटी मी म्हटलं, तिन्हींत हवा भरा. त्याच्या माणसाने पायाच्या पंपाने भरल्या, आणि आम्ही समोर चहा प्यायला गेलो. चाचांनी दोन चहा घेतले. परत आलो तेव्हा निळी सादळलेल्या पापडासारखी बसली होती.

"उन्हाचा फरक," दुकानदार म्हणाला.

"ऊन तिन्हींवर आहे," मी म्हटलं. त्या दिवशी मला खात्रीने बोलता आलेलं ते एकच वाक्य.

आउटबोर्ड शेजारच्या गल्लीत होते, लाकडी घोड्यांवर ओळीने टांगलेले. तिथे नवा घोळ सुरू झाला. प्रत्येक इंजिनाला खाली एक पाय असतो, त्याच्या टोकाला पंखा. तो पाय लांब असेल तर लाँग शाफ्ट, आखूड असेल तर शॉर्ट शाफ्ट. लांब असला की पंखा चिखलात रुततो. आखूड असला की लाटेत पंखा पाण्याबाहेर येतो आणि नुसताच गरगरतो. मी विचारलं, "मग बरोबर कुठला?" तिथला दुकानदार म्हणाला, "तुमच्या डिंगीची फळी किती उंच आहे त्यावर." फळी अजून घेतलीच नव्हती. आणि फळी कुठली घ्यायची हे इंजिनाच्या वजनावर अवलंबून होतं.

चाचांनी सगळ्यात मोठ्या इंजिनावर हात ठेवला. "हे घे."

मी ते उचलून बघितलं. जागचं हललं नाही. मग शेवटचं, सगळ्यात छोटं उचललं. त्याची पेट्रोलची टाकी त्याच्याच डोक्यावर होती. नळाला पाणी नसलं की टँकरखालून भरलेली कळशी मी दोन मजले चढवायचे, साधारण तेवढंच वजन. उचललं गेलं.

"तुला कशाला उचलायचंय?" चाचा म्हणाले. "तो उचलेल."

"आणि ते नसले तर?"

चाचांनी मोठ्या इंजिनावरचा हात काढला. तो नसताना मी डिंगीत काय करणार होते? त्या बोटीवर मी अजून पाऊलही ठेवलं नव्हतं. काही न घेताच आम्ही बस पकडली.

त्या आठवड्यात नवऱ्याचा फोन आला. फोन चाचांकडे होता, त्यांची सून वर धावत बोलवायला आली. कुठल्या बंदरातून बोलत होता देव जाणे, आपलेच शब्द उलटून कानात यायचे. मी ओरडून डिंग्यांचं सांगितलं, मग विचारलं, "शाफ्ट लांब की आखूड?"

खरखर झाली. मग त्याचा आवाज आला, "...लाँग शाफ्ट... राहू दे..." आणि लाइन गेली.

रिसीव्हर हातात धरून मी उभी राहिले. चाचा म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं? लाँग राहू दे म्हणाला. म्हणजे लाँगच घे."

"राहू दे म्हणजे नको, चाचा. भाजी वाढताना आपण राहू दे म्हणतो तसं."

"असू दे म्हणाला असेल."

"राहू दे म्हणाले."

सून म्हणाली, "मधे काही बोलले असतील ते ऐकूच आलं नसेल." ते तर सगळ्यात वाईट. तो आठवडाभर मी ते चार शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघितले. कचेरीत टायपिंग करताना ओठ हलत असावेत, कारण शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं नाही का.

शेवटी मी करडी डिंगी घेतली आणि छोटं इंजिन घेतलं, शॉर्ट शाफ्टचं. ते इंजिन लाँगमध्ये दुकानात नव्हतंच. निर्णय घेतला की घडला, ते मला आजही नीट सांगता येत नाही. डिंगीची वळकटी मी एका बाजूने उचलू शकत होते, इंजिन पूर्ण उचलू शकत होते, एवढंच मला कळत होतं.

शिमग्याच्या आधी, एका रविवारी भरतीला, दिवाळ्याच्या बंदरावर चाचांनी आणि मी डिंगी फुगवली. कोळीण आणि तिचा नवरा काठावर उभे होते. तिने रबराला बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "म्हशीच्या कातड्यासारखी हाय." ही स्तुती की निंदा, कळलं नाही. चाचांनी दोरी ओढली, इंजिन सुरू झालं. मी लाइफ जॅकेट घालून समोर बसले आणि दोन्ही हातांनी बाजूचा दोर पकडला. काठ मागे जायला लागला. चाचांचा चेहरा एकदम तरुण दिसत होता.

खाडीच्या मध्यावर इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

चाचांनी दोरी ओढली. पुन्हा ओढली. ओहोटी लागली होती, डिंगी हळूहळू वळून मुंबईच्या दिशेने चालायला लागली. काठावरून कोळीण काहीतरी ओरडत होती, ऐकू येत नव्हतं. ओढून ओढून चाचांचा शर्ट भिजला. मी म्हटलं, "चाचा, बसा. वल्ही कुठे आहेत?"

वल्ही मी आयुष्यात कधी हातात धरली नव्हती. एक पाण्यात जायचं तेव्हा दुसरं हवेत. आम्ही गोल फिरत होतो, पण गोल फिरत फिरत प्रवाह आम्हाला नेत होता तो नेमका नवऱ्याच्या बोटीकडे. बोट जवळ आल्यावर चाचा ओरडले, "दोर! नांगराचा दोर!" मी वल्हं टाकून दोर धरला. हात सोलवटले, पण सोडला नाही.

चाचांनी डिंगी बोटीला बांधली. मी बोटीवर कशी चढले ते विचारू नका. गुडघ्यांवर, पोटावर, कशीतरी. आणि अशी मी माझ्या नवऱ्याच्या बोटीवर पहिल्यांदा आले.

चाचांनी पेट्रोल आहे का बघायला टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स असा आवाज आला, कुकरची शिट्टी काढल्यासारखा. मग दोरी ओढली तर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. झाकण लावलं, थोड्या वेळाने पुन्हा बंद. पुन्हा झाकण, पुन्हा फुस्स. तेव्हा आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं की झाकणावर हवेसाठी एक बारीक स्क्रू आहे आणि तो बंद आहे. आत हवा शिरत नव्हती म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. चाचा मटकन बसले. "लाँचवर इंजिन बंद पडलं की पन्नास माणसं शिव्या द्यायची," ते म्हणाले. "इथं कोणी शिव्या देईना, म्हणून मला जास्त भीती वाटली, बेटी."

इंजिन चालत होतं, पण काठाचं पाणी गेलं होतं. बंदरापर्यंत नुसता चिखल. कोळणीच्या नवऱ्याने लांबून हाताने खूण केली: बसा, पाणी येऊ दे.

मग आम्ही बसलो. चाचा सावलीला आडवे झाले आणि घोरायला लागले. मी केबिनमध्ये उतरले. दोन बाकं, मध्ये एक हात रुंद वाट, स्टोव्ह, पितळी कडी. उतरायच्या शिडीला सर्वांत खाली एक ठेंगणी जादा पायरी होती. माझी उंची बेताची, ती पायरी नसती तर माझा पाय टेकला नसता. मी त्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. मला वाटलं, ही त्याने माझ्यासाठी केली. काहीही न सांगता. बाहेर चिखलावर बगळे चालत होते. मला रडू येत होतं, आणि ते भीतीचं होतं की कशाचं, कळत नव्हतं.

गणपतीनंतर नवरा आला. दुसऱ्या सकाळी त्याने गच्चीवर डिंगी फुगवली. सोसायटीतली पोरं त्यात जाऊन बसली. त्याने इंजिन उचलून बघितलं.

"छोटं आहे."

"मला उचलता येतं," मी म्हटलं.

तो थांबला. "तू येणार आहेस?"

"म्हणजे? तुम्हीच म्हणालात ना, गावापर्यंत जायचं?"

"मी जायचं म्हणालो. तुला पाण्याची भीती. मला वाटलं, तू फार तर बंदरापर्यंत सोडायला येशील."

मी पायरीचं विचारलं. कुठली पायरी, असं म्हणून तो आठवायला लागला. "ती होय. ती होतीच. आधीच्या मालकाची बायको ठेंगणी असेल." शाफ्टबद्दल विचारलं तर म्हणाला, असं काही बोलल्याचं आठवत नाही. मला राग यायला हवा होता. पण त्याचा चेहराही माझ्याइतकाच गोंधळलेला होता. एवढे महिने त्याने मनात एकट्याचा प्रवास आखला होता, आणि आता त्यात एक माणूस वाढलं होतं. ते त्याला हवं होतं की नव्हतं, हे त्यालाही ठरवता येत नव्हतं. पोरं डिंगीत उड्या मारत होती. शेवटी तो म्हणाला, "लाइफ जॅकेट दोन लागतील."

दिवाळीनंतर आम्ही निघालो. मुंबई बंदराच्या मोठ्या पाण्यातून, उभ्या जहाजांच्या मधून, दुपारपर्यंत पलीकडच्या रायगडच्या किनाऱ्याला. नारळाच्या झाडांमागे एक छोटं गाव होतं. नांगर टाकला, डिंगी फुगवली. आणि तेव्हा मला कळलं की हा एवढा समुद्र फिरलेला माणूस असल्या छोट्या होडीत कधी बसलाच नव्हता. त्याच्या जहाजाला धक्का मिळायचा, शिडी मिळायची. डिंगीत उतरताना त्याने माझा खांदा घट्ट धरला.

इंजिनापाशी मी बसले, कारण ते मी चाचांकडून शिकले होते. स्क्रू उघडला, दोरी ओढली.

"हळू," तो म्हणाला.

"हळूच आहे."

किनाऱ्याजवळ एक लाट मागून आली, डिंगी आडवी झाली आणि आम्ही दोघं कमरेएवढ्या पाण्यात उभे होतो. चपला वाहून गेल्या. वाळूवर जाळं विणत बसलेल्या बायका हसत हसत उठल्या, डिंगी ओढायला आल्या. त्यातल्या एकीने मला घरी नेऊन कोरडं लुगडं दिलं. नवरा ओट्यावर ओल्या पँटीत बसून चहा पीत होता.

त्यानंतर तीन-चार हिवाळे आम्ही असे गेलो. त्याच्या गावापर्यंत मात्र कधी पोचलो नाही, दर वेळी वारा किंवा रजा आडवी यायची. पुढे त्याला मुंबईत किनाऱ्यावरची नोकरी मिळाली आणि का कोण जाणे, बोटीवर जाणंच कमी झालं. ती आम्ही विकली तेव्हा मला त्याच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. याचंही मला आश्चर्यच वाटलं.

पण त्या पहिल्या दिवसाचं सांगत होते. ओट्यावर त्याने विचारलं, "आवडलं का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "तुम्हाला?"

"मलाही माहीत नाही."

संध्याकाळी बोटीवर परतायचं होतं. दोघांनी दोन बाजूंनी डिंगी धरून पाण्यात ढकलली. तो पुढे जाऊन बसला, दोर धरला, आणि वळून माझी वाट बघायला लागला.